आठ तोह

विस्तवापाशी बसलेल्या म्हातारीनं बयचं नाव विचारलं आणि मला ते सांगता आलं नाही.

ग्वातेमालात, अतितलान सरोवराच्या काठी, २२ फेब्रुवारी २०१८ची सकाळ. कापणी झालेल्या मक्याच्या शेतापलीकडे आम्ही बाराजण गोल करून उभे होतो. मधे जमिनीवर साखरेची रेघ ओढून आखलेलं वर्तुळ, त्यावर रचलेल्या राळेच्या वड्या, रंगीत मेणबत्त्या, तीळ, आणि त्या सगळ्यानं आता चांगला धरलेला जाळ. प्रत्येकाला एकच सांगणं होतं : ज्याचं देणं लागतोस त्याचं नाव घे आणि हातातलं विस्तवात घाल. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बय." म्हातारीच्या नातवानं ते तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत काही बोलली. नातू इंग्रजीत म्हणाला, "आजी विचारते, ही तर हाक झाली. नाव काय तिचं?"

मी तेव्हा बासष्टीला टेकले होते. ज्या बाईच्या दुधावर मी जगले, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

माझं माहेर घोलवडचं. घराला लागून चिकूची वाडी, वाडीपलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. १९५६ साली मी जन्मले आणि पंधरवड्यात आईला विषमज्वर झाला. वाडीत कामाला येणारी एक वारली बाई नुकतीच बाळंत झाली होती. तिला घरात बोलावून घेतलं. पडवीत झोळीत तिची मुलगी, माजघरात पाळण्यात मी. आई उठून हिंडूफिरू लागली तोवर तिचं दूध पार आटलं होतं, म्हणून मी वर्षभर त्या बाईच्या अंगावर प्यायले. किनाऱ्याकडे आईला बय म्हणतात. तिची मुलगी तिला तशी हाक मारायची, म्हणून मीही मारू लागले. घरात कुणी मला कधी अडवलं नाही, आणि कुणी तिचं नाव सांगितलंही नाही.

बयच्या कपाळावर आणि मनगटांवर गोंदण होतं. उतरवलेले चिकू ती पाण्यात चोळून धुवायची आणि नुसत्या बोटांच्या अंदाजानं त्यांचे तीन ढीग लावायची. मला पाजायला ती माजघरात येऊ शकत होती. जेवायला मात्र ती पडवीतच बसायची. हे मी डोळ्यांनी बघत वाढले आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. दहाव्या वर्षी मला शिकायला ठाण्याला ठेवलं. १९७९ साली बय गेल्याचं पत्र आलं तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती. मी गेले नाही. मुलीचं निमित्त होतं खरं, पण जायला हवं असं मनातही आलं नव्हतं, हे त्याहून खरं.

मग १९९८ साली वडील गेले. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या वह्या निघाल्या, लाल कापडी बांधणीच्या. एका वहीत वाडीवरच्या माणसांची खाती होती. एक पान बयच्या नवऱ्याचं होतं. पहिली नोंद १९४१ची : लग्नासाठी रोख साठ रुपये.

आमच्या भागात ह्याला लग्नगडी म्हणत. वारल्यांना लग्नाला पैसे हवेत, ते सावकारानं किंवा जमीनदारानं द्यायचे, आणि बदल्यात नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. किती वर्षं, ते वहीवाला ठरवणार. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे लिहून ठेवलं आहे. मी शिक्षिका असताना ते पुस्तक वाचलं होतं, इतरांच्या गोष्टी म्हणून वाचलं होतं. मे १९४५मध्ये झरी गावच्या सभेत वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, तरी ते मागे हटले नाहीत. वेठ गेली, लग्नगडी सुटले. आजोबांच्या वहीतलं हे खातं मात्र बंद झालं नव्हतं. साठ रुपये फिटले की नाही, त्या पानावरून कळत नाही. मजुरी जमा, मीठ-कापड नावे, असं ते नुसतं वाहत राहिलं होतं. आणि १९५६च्या श्रावणात एक ओळ होती : बायको बाळंतीण, घरी दूध पाजण्यास, सबब तांदूळ एक मण, नावे सोळा रुपये.

मला दूध मिळावं म्हणून बयनं जो भात खाल्ला, तो आजोबांनी तिच्या नवऱ्याच्या कर्जात लिहिला होता. 'बायको' एवढंच. नाव तिथंही नव्हतं.

मी वही घरी आणली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. वीस वर्षं कुणाला दाखवली नाही, नवऱ्यालाही नाही.

२०१६ साली नवरा गेला. मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्या योगवर्गातली काही माणसं मध्य अमेरिकेतली प्राचीन माया स्थळं आणि सरोवरं पाहायला, तिथे ध्यान करायला निघाली होती. तिनं माझंही नाव घातलं. त्या माणसांविषयी मला आदरानंच लिहायचं आहे. एकीचा तरुण मुलगा गेला होता, एकजण कर्करोगातून उठला होता. प्रत्येकजण काहीतरी मागायला निघाला होता, आणि मीही. मला झोप हवी होती.

पहिले चार दिवस आम्ही उत्तरेत, पेतेनच्या जंगलात होतो. फ्लोरेस हे एका सरोवरातलं बेटावरचं गाव. इत्सा मायांचं शेवटचं स्वतंत्र राज्य इथेच होतं; स्पॅनिशांना ते १६९७पर्यंत जिंकता आलं नव्हतं. याश्हाच्या तळ्याकाठी संध्याकाळी एका उंच देवळाच्या माथ्यावर आम्ही ध्यानाला बसलो. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे राहिले. खाली जंगलात हाउलर माकडं अशी गरजत होती की डोळे मिटवेनात.

तिकाल मात्र माझ्या अंगात शिरलं, आणि ते देवळांमुळे नव्हे. चौथं देऊळ सुमारे ६५ मीटर उंच, आठव्या शतकातलं. लाकडी जिन्यानं वर चढलं की झाडांच्या हिरव्या पसरट समुद्रातून इतर देवळांची टोकं तेवढी वर आलेली दिसतात. ते पाहून आम्ही उतरत होतो आणि वाटाड्या एका झाडापाशी थांबला. सरळ, जाड बुंधा, त्यावर खालून वरपर्यंत नागमोडी वार. म्हणाला, हे चिकोसापोते, ह्याचा चीक काढायचे, त्याचं पूर्वी च्युइंगगम व्हायचं. मी पान हातात घेतलं आणि चुरगाळलं. चिकू! आमच्या घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून गावात पेढे वाटले होते, त्याचं मूळ घर हे. इथल्या देवळांच्या दारांवरच्या तुळयाही चिकूच्याच लाकडाच्या, बाराशे वर्षं टिकलेल्या. चौथ्या देवळातल्या कोरीव तुळया १८७७ साली उचलून नेल्या, त्या आता स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात आहेत. वाटाड्या हे सगळं सांगत होता आणि मी त्या बुंध्यावरचे वार मोजत होते. चीक काढणारे दोराला लोंबकळून कोयत्यानं वार करत वर जायचे, तो म्हणाला. बहुतेकांनी आधीच उचल घेतलेली असायची.

उचल. आमच्याबरोबरच्या दुभाष्या बाईनं इंग्रजीत वेगळाच शब्द वापरला होता, पण मला तो मराठीतच ऐकू आला. वही आठवली ती तिथे.

तिथून आम्ही डोंगराळ दक्षिणेत आलो. अतितलान म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीच्या उद्रेकानं खचलेली दरी, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच, आणि त्यात साठलेलं पाणी. खोली तीनशे मीटरच्या वर. दक्षिणेला तीन ज्वालामुखी उभे आहेत. ह्या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीखालून झिरपतं तेवढंच, म्हणून पातळी कधी वर चढते, कधी खाली जाते. पाण्याखाली सामाबाह नावाचं एक प्राचीन ठिकाण आहे; दोन हजार वर्षांपूर्वी ते बेट होतं, त्यावर देवळं होती, मग पाणी चढलं. आमच्या नावाड्यानं काठाजवळ बुडालेल्या अलीकडच्या घरांची छपरं दाखवली. इथे काठावर घर बांधणाऱ्याला पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, असं तो म्हणाला.

दुपारनंतर तळ्यावर वारा सुटतो. त्याचं नाव शोकोमील. लोक सांगतात, तो काठच्या माणसांची पापं गोळा करून नेतो. आम्ही सान हुआन ला लागुना गावाच्या धक्क्याला लागलो तेव्हा तो ऐन भरात होता. होडी वर उचलली गेली त्याच क्षणी मी धक्क्यावर पाय टाकला. गुडघ्यावर पडले, नडगी फाटली, घोटा जागच्या जागी फुगू लागला.

मंडळींना दुसऱ्या दिवशी चिचिकास्तेनांगोकडे निघायचं होतं. मला चालवत नव्हतं. जी म्हातारी तीन दिवसांनी विस्तवाचा विधी करणार होती, तिनंच सांगितलं, हिला माझ्याकडे ठेवा. ती गावची सुईण होती आणि दिवस मोजणारी, तिथल्या भाषेत आह-कीह. तिथे वयस्क बाईला नाना म्हणतात आणि पुरुषाला ताता. आमच्याकडे नाना म्हणजे घरातला थोरला पुरुष. पहिल्या दिवशी ती हाक मारताना माझी जीभ अडखळली, दुसऱ्या दिवशी नाही.

नानाच्या घरी मी तीन रात्री राहिले. तिची भाषा त्सुतुहील, ग्वातेमालातल्या २२ माया भाषांपैकी एक. तिचा एकोणीस वर्षांचा नातू पर्यटकांना फिरवायचा, त्याला इंग्रजी येत होतं. तो दिवसभर बाहेर असायचा, तेव्हा आम्ही दोघी भाषेविना असायचो. तिनं माझा घोटा कुठल्याशा पाल्यानं बांधला. सकाळी मक्याचं अतोल द्यायची, आपल्या पेजेसारखं, गरम. चुन्यात शिजवलेला मका ती पाट्यावर वाटायची आणि दोन्ही तळहातांत थापत भाकरी करायची, टप टप टप. बय नागलीची भाकर अशीच हातावर थापायची. मी पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून तो आवाज ऐकत असे. पोपोल वुह ह्या किचे मायांच्या ग्रंथात देवांनी माणूस मक्याच्या पिठाचा घडवला असं आहे. वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी. बय कणीस हातात घेतलं की आधी कपाळाला लावायची, हे मला तिथे, त्या अंधाऱ्या खोलीत आठवलं. पन्नास वर्षांत आठवलं नव्हतं.

अंगणात एक बुटकी दगडमातीची खोपी होती, तेमास्काल. आत दगड तापवायचे, त्यावर पाणी मारायचं, वाफेत बसायचं. बाळंतिणींना तिथे नेतात. नानानं मला तिथे बसवलं, पाठ रगडली. मला आमच्या घरची न्हाणी आठवली, शेकशेगडी, ओव्याची धुरी. आई बरी झाल्यावर तिला तो शेक सव्वा महिना मिळाला. त्याच वेळी पडवीत बसलेल्या दुसऱ्या बाळंतिणीला कुणी शेक दिला का? मला माहीत नाही.

दुसऱ्या रात्री नातवाशी बोलता बोलता नाना उठली आणि पत्र्याच्या पेटीतून एक चोपडी घेऊन आली. तळहाताएवढी, धुरानं काळवंडलेली. तिच्या बापाची होती. ग्वातेमालात १८७७ साली, हुस्तो रुफिनो बारियोसच्या राजवटीत, कॉफीच्या मळ्यांसाठी मजुरांचा कायदा झाला. मळेवाला उचल द्यायचा, मजुराच्या चोपडीत ती लिहायचा, आणि फिटेपर्यंत मजूर त्याचा. १९३४ साली होर्हे उबिकोनं उचलीची पद्धत मोडली आणि तिच्या जागी भटक्यांविरुद्धचा कायदा आणला. ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही त्यानं वर्षाला शंभर ते दीडशे दिवस मजुरी करायचीच. केलेले दिवस चोपडीत दिसले पाहिजेत, नाहीतर तुरुंग. नानाचा बाप तळ्यावरून डोंगर उतरून किनाऱ्याकडच्या मळ्यांवर चालत जायचा. त्याला वाचता येत नव्हतं. दिवस लिहिले की नाही, ते मुकादमालाच ठाऊक. १९४४मध्ये क्रांती झाली आणि १९४५मध्ये ती सक्ती कायद्यानं संपली.

१९४५. मी नातवाला साल पुन्हा विचारलं. एकाच साली, पृथ्वीच्या दोन बाजूंना, झरीच्या माळावर आणि ह्या तळ्याच्या काठी, लोकांच्या मानेवरून वही उतरली होती. पुढे ह्या देशाला छत्तीस वर्षं यादवीनं भाजून काढलं. १९९६ला ती थांबली तोवर दोन लाख माणसं मेली किंवा नाहीशी झाली होती, आणि त्यातले बहुसंख्य माया होते. समोरच्या सांतियागो अतितलान गावात डिसेंबर १९९०मध्ये सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हा गावकऱ्यांनी सह्या गोळा करून लष्कराची छावणी गावातून हलवायला लावली. नानानं ह्यातलं एवढंच सांगितलं की तिचा भाऊ कापूस वेचायला गेला तो परत आला नाही. नातवानं ते वाक्य सांगितलं आणि दोघंही गप्प झाली.

मग मी बोलले. कपाटातल्या वहीविषयी, वीस वर्षांत पहिल्यांदा, एका परक्या मुलाजवळ, माझ्या मोडक्या इंग्रजीत. साठ रुपये. मजुरी. दूध. तांदूळ. नातू एकेक वाक्य आजीला देत होता. तांदळापाशी नानानं त्याला थांबवलं आणि काही विचारलं. तो म्हणाला, "आजी विचारते, जे खाल्लं ते पण लिहिलं?"

मी हो म्हटलं.

नानानं चुलीत लाकूड सारलं. बोटांची पेरं मोजली. "परवा आठ तोह आहे," म्हणाली. "मंडळी येतील. विधी त्या दिवशी करू."

तो हिशेब असा. मायांच्या चोल्कीह पंचांगात वीस दिवस-नावं आहेत आणि एक ते तेरा असे अंक. दोन्ही चाकं एकमेकांत फिरतात, २६० दिवसांनी पहिली जोडी परत येते. प्रत्येक दिवसाचा एक स्वभाव असतो. तोह हा देण्याचा दिवस, फेडीचा. त्यांच्या भाषेत फेडण्याला शब्दच तो आहे. २१ डिसेंबर २०१२ला जग बुडणार म्हणून जगभर आवई उठली होती, तीही ह्याच मायांच्या दीर्घ गणनेवरून. तिथले लोक मात्र तेव्हाही आजचा दिवस कोणता आणि आज काय करायचं, एवढंच मोजत होते.

मला लहानपणी तीन ऋणं शिकवली होती : देवांचं, ऋषींचं, पितरांचं. पितरांचं मी श्राद्ध-पक्षानं वेळच्या वेळी फेडत आले. ज्या आजोबांनी तांदूळ लिहिले, त्यांच्या नावानंही पान वाढत आले. बयचं ऋण त्या यादीत कुठे बसवायचं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मंडळी परतली. सकाळी विधी सुरू झाला. पूर्वेला लाल मेणबत्त्या, पश्चिमेला काळ्या, उत्तरेला पांढऱ्या, दक्षिणेला पिवळ्या, मधे निळ्या-हिरव्या. नाना गुडघ्यांवर बसून एकेक दिवस-नाव घेत होती, प्रत्येकाला एकपासून तेरापर्यंत मोजत होती, आणि प्रत्येक गणनेला विस्तवात काही पडत होतं. राळेचा धूर आपल्या उदासारखाच वर चढत होता. होमात आहुती टाकताना 'हे माझं नाही' असं म्हणायची आपली रीत आहे. तिथे हात आपोआप तसाच उलटा होत होता. आमच्यातल्या एकानं प्रकृतीसाठी काही मागायला सुरुवात केली, तेव्हा नानानं हात वर केला. आज मागायचा दिवस नाही. त्यावर त्या माणसानं थोडा वेळ विचार केला आणि एका रात्रपाळीच्या नर्सचं नाव घेतलं. मुलगा गेलेल्या बाईनं मुलाच्या शिक्षकाचं घेतलं.

आणि मी 'बय' म्हणाले.

नाव नाही हे कळल्यावर नाना रागावली नाही, तिनं समजूतही घातली नाही. माझ्या हातातली मेणबत्ती तिनं काढून घेतली, आपल्या कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि पुढचा दिवस मोजायला घेतला. विधी संपल्यावर नातवाकरवी म्हणाली, "नाव आण. पुढच्या आठ तोहपर्यंत हिची जागा ठेवते."

निघताना मी तिला पैसे दिले. तिनं मोजले, दोन नोटा ठेवून घेतल्या, बाकीचे माझ्या हातात परत दिले. मेणबत्त्या आणि पाल्याचे एवढेच झाले, म्हणाली. तीन रात्री, अतोल, पाठीवर फिरलेला हात, ह्यातलं काही तिनं धरलं नाही. तिची चोपडी माझ्या आजोबांच्या वहीसारखी नव्हती.

मेमध्ये मी वही घेऊन डहाणू तालुक्यातल्या पाड्यावर गेले. बयची मुलगी, माझी दूधबहीण, माझ्याच वयाची. लग्नकार्याला साडी पाठवणं, नातवाच्या फीला हातभार, एवढाच आमचा संबंध उरला होता. ती ओट्यावर नागली निवडत होती. मी बसले, पाणी प्यायले, आणि विचारलं. तिला प्रश्न कळायला वेळ लागला. मी तिच्या आईचं नाव विचारते आहे, हे तिच्या ध्यानात येईना. मला ते ठाऊक असणारच असं तिनं धरलं होतं. मग तिनं सांगितलं. तीन अक्षरी नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही म्हणून.

मग मी वही उघडून पान वाचलं. साठ रुपये ऐकून ती काही बोलली नाही. तांदूळ एक मण, असं वाचलं तेव्हा तिनं सुपातला हात थांबवला.

"मण नव्हता," ती म्हणाली. "दोन पायल्या कमी होते. बय सांगायची."

मी इतकी वर्षं समजत होते की हे पान जगात फक्त मला माहीत आहे. बयला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय आणि त्यात किती खोटं आहे, ते तिला ठाऊक होतं. तिनं ते मुलीला सांगितलं होतं, मुलीनं पुढच्यांना. त्या घरात माझ्यावरचा राग नव्हता. हिशेब होता, आणि तो आमच्या वहीपेक्षा खरा होता. माझ्या ठेवीतून आणलेली रक्कम मी पुढे केली तेव्हा दूधबहिणीनं ती घेतली, मोजली, आणि कॉलेजात शिकणाऱ्या नातवाला म्हणाली, "लिहून ठेव. तारीख घाल." नातवानं लिहिलं. लाल वही मी त्याच्याकडे ठेवून आले. त्यानं ते पान मोठ्यानं दोनदा वाचलं आणि 'दोन पायल्या कमी' असं पेन्सिलीनं बाजूला लिहिलं.

बयचं नाव मी नानाच्या नातवाला लिहून पाठवलं, आणि कसं म्हणायचं ते बोलूनही पाठवलं. त्याचा एका ओळीचा निरोप आला : आजी पाठ करते आहे.

आठ तोह पुन्हा आला तो ९ नोव्हेंबरला. त्या दिवशी आमच्याकडे भाऊबीज होती. मी पाड्यावरच होते. दिवस मावळला होता, कापलेल्या भाताचा वास येत होता आणि कुठेतरी लांब तारपा वाजत होता. तिकडे सकाळचे आठ वाजले असतील तेव्हा फोन वाजला. दोन मिनिटांचा आवाज होता. दूधबहिणीच्या ओट्यावर मी तो लावला. आधी नुसता जाळाचा तडतडाट आणि वारा. मग नानाचा मोजण्याचा सूर, जो मी दुरूनही ओळखला असता. मग ती थांबली आणि बयचं नाव आलं. मधलं अक्षर त्यांच्या भाषेत नसावं. ते जरा घशात अडकून, कडक होऊन बाहेर पडलं, पण पडलं. मागोमाग काहीतरी विस्तवात टाकल्याचा आवाज झाला. मेणबत्ती असेल.

दूधबहीण कान देऊन ऐकत होती. आवाज संपला तशी तिनं हातानं खूण केली.

"परत लाव," म्हणाली.